आधी खालच्या गावात पोचलेलं पाणी

"वाचा," साहेब म्हणाले आणि दोन रजिस्टरं त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मी वाचलं. कोसंबीच्या रजिस्टरात लिहिलं होतं, पाणी लाल रेघेला लागलं अकरा चाळीसला. मुरमाडीच्या रजिस्टरात, त्याच दिवशी, अकरा वीसला.

"कोसंबी वर आहे की खाली?"

"वर, साहेब. मुरमाडीपासून दहा मैल वर."

"म्हणजे वैनगंगा उलटी वाहायला लागली?"

पूर मोजायची ती दोन्ही ठाणी मीच बसवली होती.

आधी हे प्रकरण काय होतं ते सांगतो. मी तेव्हा चांद्याला ओव्हरसियर होतो. आत्ताच्या चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. नदीच्या पुराची नोंद ठेवायला आमच्या ऑफिसानं नवीन गेज बसवायला घेतली होती. गेज म्हणजे काठाजवळ पाण्यात रोवलेली सागवानी पट्टी. तिच्यावर फुटाफुटाला लाल-पांढरे पट्टे. धोक्याच्या उंचीवर एक जाड लाल रेघ. प्रत्येक गेजला गावातलाच एक माणूस नेमलेला. त्याला गेज-रीडर म्हणायचे. त्याला एक रजिस्टर, एक दौत-टाक आणि एक अलार्मचं टाइमपीस दिलेलं असायचं. पाणी चढायला लागलं की किती फूट आणि किती वाजता, एवढं लिहायचं.

मुरमाडीसमोर नदीत एक बेट होतं. पावसाळ्यात तिथं चारा भरपूर, म्हणून गावातली सात-आठ कुटुंबं गुरं घेऊन तिथंच झोपड्या टाकून राहायची. पूर आला की बेट पाण्याखाली. म्हणून योजना अशी होती, की कोसंबीला पाणी लाल रेघेला लागलं की तिथला सायकल-चपराशी मुरमाडीला निघेल आणि बेट खाली करायला सांगेल. मुरमाच्या वाटेनं त्याला सव्वा तास लागायचा. प्रश्न एवढाच होता, की तेवढ्या वेळात पाणीच त्याच्या आधी पोचतं का.

"यापैकी एकजण घरी बसून आकडे लिहितो," साहेब म्हणाले. "मुरमाडीवाला. हे बघा. सबंध दिवसाच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या. पावसाचा एक थेंब पडलेला नाही कागदावर. त्याला काढून टाका. आणि पाणी जर सायकलीच्या आधीच पोचत असेल, तर ही सायकलची भानगडही बंद करू. उगाच लोक तिच्या भरवशावर राहायचे."

"मी एकदा जाऊन पाहतो, साहेब."

"पाहा. आठ दिवसांत रिपोर्ट द्या."

खरं सांगायचं तर मला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. खोटं लिहिणारा माणूस पटेल असं खोटं लिहितो. नदी उलटी वाहील असं कोण लिहील?

जाताना वाटेत तालुक्याच्या गावी थांबलो. तिथं तारघर होतं. रोज दुपारी चार वाजता सगळ्या तारघरांना तारेवरून वेळ कळवली जायची. तेवढ्यापुरत्या बाकीच्या तारा थांबवून सगळे तारबाबू आपापल्या घड्याळाकडे बघत बसायचे. मीही तिथं उभा राहून माझं मनगटी घड्याळ लावून घेतलं. आता निदान एक घड्याळ बरोबर होतं, याची खात्री झाली.

आधी कोसंबी. तिथला गेज-रीडर दसरू. चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचं घर जंगलाच्या कडेला, गेजपासून दोनशे पावलांवर. रजिस्टर जपून कापडात बांधलेलं. मी टाइमपीस मागितलं. माझ्या घड्याळात आठ पंचावन्न झाले होते. त्याच्या टाइमपीसमध्ये बरोबर दहा.

"दसरूभाऊ, हे तर एक तास पाच मिनिटं पुढं आहे."

त्यानं आधी टाइमपीसकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे. "तुमचं मागं असंल, बाबू."

"माझं कालच तारघरातून लावलंय. तू हे कशावरून लावलंस?"

"पाटलाच्या घरच्या घड्याळावरून. मोठं हाय, टोले पडतेत. सारं गाव त्याच्यावर चालते. ते कसं चुकंल?"

मी पाटलाकडे गेलो. पाटील माणूस अगत्याचा. चहा झाला. भिंतीवर शिसवी पेटीतलं लंबकाचं घड्याळ होतं. मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. एक तास पुढं.

"पाटील, तुमचं घड्याळ चुकतं आहे."

पाटलांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि हसले. "चुकत नाही. मी चुकवतो. सातचा टोला पडला की मजूर शेताकडे निघतात. खऱ्या सातला निघाले तर धानाच्या रोवण्याचं काम कधी व्हायचं?"

"म्हणजे ते सहालाच निघतात?"

"त्यांना काय फरक पडतो? त्यांच्याकडे कुठं घड्याळ आहे?"

मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण मी गेज तपासायला आलो होतो आणि पाटलांच्या घरी चहा पीत होतो. "हे गावात बोलू नका," ते म्हणाले. मी मान हलवली, होकाराची की नकाराची ते मलाच ठाऊक नव्हतं.

अर्धं कोडं सुटलं होतं. कोसंबीची वेळ तासाभरानं पुढं. म्हणजे तिथलं अकरा चाळीस हे खरं साडेदहाच्या आसपास. तरीही मुरमाडीला पाणी पाऊण तासात पोचलं असं निघत होतं. दहा मैल पाऊण तासात? घोडासुद्धा दमेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुरमाडीला पोचलो. इथं नदीला घाट होता. तालुक्याहून येणारी मोटर घाटापर्यंत यायची, मग लोक डोंग्यानं पलीकडे जायचे. डोंगा चालवणारा कवडू, तोच आमचा गेज-रीडर. मला बघताच तो डोंगा बांधून धावत आला.

"कवडूभाऊ, टाइमपीस दाखवा."

त्याच्या घरात फळीवर टाइमपीस होतं. माझ्या घड्याळात नऊ. त्याच्यात पावणेआठ.

"हे कशावरून लावता?"

"मोटरीवरून. बंद पडलं का मी डायवरले इचारतो, किती वाजले? तो सांगते, नऊची गाडी हाय, म्हंजे नऊ वाजले."

मी घाटावर जाऊन थांबलो. नऊची मोटर आली, तेव्हा माझ्या घड्याळात सव्वादहा झाले होते. ड्रायव्हर खाली उतरला, त्याला मी विचारलं, "किती वाजले?"

"नऊ," तो म्हणाला. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. मोटरीच्या पाटीवर नऊ लिहिलं होतं.

म्हणजे वरचं घड्याळ एक तास पाच मिनिटं पुढं, खालचं सव्वा तास मागं. मी काठावर बसून कागदावर मांडलं. कोसंबीचं अकरा चाळीस म्हणजे खरं दहा पस्तीस. मुरमाडीचं अकरा वीस म्हणजे खरं बारा पस्तीस. पाण्याला दोन तास लागले होते. नदी सरळच वाहत होती.

पण मला लगेच शंका आली. ही चूक आजची. पुराच्या दिवशी घड्याळं इतकीच चुकत होती कशावरून? मधल्या काळात कितीदा बंद पडली, कितीदा लावली, कोण सांगणार? शिवाय एकाच शाईचा प्रश्न उरलाच होता. आकडेच घरी बसून लिहिलेले असतील तर माझी सगळी बेरीज-वजाबाकी वाया.

मी कवडूला सरळ विचारलं. "हे सगळं तुम्ही एकदमच लिहिलंय ना?"

त्यानं मान खाली घातली. "मीच लिवलो, बाबू."

"ते दिसतंय. पण पूर चढत होता तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"डोंग्यावर. बेटावरच्या लोकायले आणून राह्यलो होतो."

"मग गेज कोणी वाचलं?"

तेवढ्यात आतून त्याची बायको बाहेर आली. पार्बताबाई तिचं नाव. डोक्यावरचा पदर सारखा करून ती नवऱ्याला म्हणाली, "सांगून टाका ना. मी वाचलो म्हना. काऊन भेता?"

वैनगंगेकाठच्या या झाडीपट्टीत बाया कधीकधी स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात. मी विचारलं, "बाई, तुम्हांला लिहिता येतं?"

"नाई."

"घड्याळ कळतं?"

"नाई कळत. पण दिसते तं."

तिनं मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. छपराखालच्या सारवलेल्या भिंतीवर कोळशानं काढलेले गोल होते. एकाखाली एक, तीन ओळी, सगळे सारख्या मापाचे. मी हात लावणार तर ती म्हणाली, "पुसू नोका, बाबू." हातातली बांगडी काढून, ती भिंतीला टेकवून तिनं ते गोल काढले होते. प्रत्येक गोलात दोन काटे, एक लांब, एक आखूड. आणि प्रत्येक गोलाखाली उभ्या रेघा, गेजवर जितके पट्टे पाण्याखाली गेले तितक्या.

"मी घड्याळ पाह्यलो, तसंच काढलो. मंग पळत जाऊन पाणी पाह्यलो. रातीले हे घरी आले, तवा यायनं कागदावर उतरवलं."

मी रजिस्टर उघडलं आणि भिंतीशी ताडायला लागलो. गोल एक, नोंद एक. गोल दोन, नोंद दोन. अकरा वीसच्या गोलाखाली रेघा इतर सगळ्यांपेक्षा जाड होत्या. त्या वेळी लाल रेघ पाण्याखाली गेली होती. सत्तावीस नोंदींपैकी एकसुद्धा चुकली नव्हती. वीस वर्षं मोजमापाची नोकरी झाली होती माझी. इतका चोख कच्चा खर्डा मी एखाद्या इंजिनीअरचाही पाहिला नव्हता.

"साहेब नोकरी काढते का यायची?" तिनं विचारलं.

"मी असेपर्यंत नाही," मी म्हणालो. ते म्हणण्याचा मला काही अधिकार नव्हता, पण म्हणून गेलो.

आता काम उरलं घड्याळांचं. सोपा उपाय म्हणजे दोन्ही टाइमपीस बरोबर लावून द्यायची. मी तसं करायला हातही पुढं केला होता. मग थांबलो. आज बरोबर लावली, आठ दिवसांनी ती पुन्हा पाटलाच्या आणि मोटरीच्या वेळेवर जाणार. आणि कोणी, कधी, किती फिरवली हे कळणारच नाही. ऊन असतं तर काठी रोवून सावली तरी पाहिली असती, पण पावसाळ्यात सूर्य चार-चार दिवस दिसत नाही.

त्या संध्याकाळी मी घाटावरच्या झोपडीत बसून एक पत्रक लिहिलं. नवीन गेजवर घड्याळ कसं ठेवायचं याचं. पहिलं लिहिलं ते ऑफिसच्या भाषेत, दोन पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी कवडूला वाचून दाखवलं. तो आदरानं ऐकत राहिला, म्हणजे त्याला काही समजलं नाही. पार्बताबाईनं मात्र विचारलं, "पण काटे कवा फिरवाचे?"

"फिरवायचेच नाहीत."

"मंग चुकलंच राहू द्याचं?"

"राहू द्यायचं. फक्त रोज किल्ली द्यायची, म्हणजे बंद पडणार नाही. दर आठवड्याला सायकलवाला एक बरोबर घड्याळ घेऊन येईल. तुमचं किती मागं आहे ते तो लिहील. आपण नंतर तेवढं मिळवू."

तिनं थोडा विचार केला. "म्हंजे ते चुकते हे चालते. किती चुकते ते मालूम पायजे."

मी दोन पानं फाडली आणि तिचंच वाक्य पहिल्या ओळीत लिहिलं. बाकीचं पत्रक अर्ध्या पानात बसलं. रोज सकाळी किल्ली. काटे फिरवायचे नाहीत. सोमवारी सायकल-चपराशी तालुक्याला जाईल, चारच्या तारेवर घड्याळ लावेल, मंगळवारी दोन्ही गावांत फरक लिहील. घड्याळ बंद पडलं तर कसंही चालू करायचं आणि रजिस्टरात 'बंद पडलं' एवढं लिहायचं. शेवटी मी सुताराकडून एक लाकडी छापा करून घेतला. गोल आणि भोवती बारा खुणा, काटे नाहीत. तो शाईत बुडवून रजिस्टरात उठवायचा आणि जे दिसेल ते काटे त्यात काढायचे.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. छाप्याच्या पानावर आले आणि थांबले.

"हे काय, बालवाडी?"

"साहेब, त्या बाईच्या सत्तावीस नोंदी बरोबर आहेत."

"नोकरी नवऱ्याची आणि काम बायकोचं?"

"काम झालं आहे, साहेब."

त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "पावसाळा संपेपर्यंत चालू द्या. पण सायकलवाल्यासाठी ऑफिसात जादा घड्याळ नाही."

मी माझं दिलं. त्या पावसाळ्यात मी लोकांना वेळ विचारत फिरलो.

पहिल्याच मंगळवारी सायकल-चपराशानं दसरूच्या रजिस्टरात 'पासष्ट मिनिटे पुढे' असं लिहिलं. दसरूनं ते वाचलं. पुढच्या फेरीला मी गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "बाबू, माझं पाटलाच्यावरून लावलं होतं. मंग पाटलाचंही तेवढंच पुढं?"

मी पाटलांना शब्द दिला नव्हता, पण तोंडही उघडलं नाही. "पत्रकात आकडा आहे," एवढंच म्हणालो.

"म्हंजे आमची बायकापोरं एक घंटा अगोदर चिखलात उतरून राह्यली होती."

तो मोठ्यानं बोलला नाही. गावात कोणाला काय सांगितलं, मला माहीत नाही. पण पंधरा दिवसांनी पाटलांनी मला रस्त्यात गाठलं. सातचा टोला पडला तरी मजूर येत नव्हते, चांगलं उजाडलं की येत होते. "तुमच्या कागदानं केलं हे," ते म्हणाले. मी म्हणालो, "कागद नदीसाठी आहे, पाटील." त्यानंतर त्यांच्याकडे चहा मिळाला नाही.

भाद्रपदात दुसरा पूर आला. मी त्या दिवशी मुरमाडीला होतो. सकाळपासून पाणी गढूळ होत चाललं होतं. पार्बताबाई गेजपाशी फेऱ्या मारत होती, कवडू डोंगा तयार ठेवून काठावर उभा. सायकल-चपराशी चिखलानं माखलेला आला आणि सायकल तशीच आडवी टाकून ओरडला, "लाल रेघ! लाल रेघ लागली!"

त्याच्या मनगटावरच्या माझ्या घड्याळात एक वाजला होता. पार्बताबाईच्या टाइमपीसमध्ये अकरा चाळीस.

"किती वेळ हाय?" कवडूनं विचारलं.

मागच्या पुराचा हिशेब दोन तासांचा होता. त्यातला सव्वा तास सायकलनं खाल्ला होता. "पाऊण तास," मी म्हणालो. मनात म्हटलं, चुकलो असेन तर ही माणसं माझ्या गणितावर बुडतील.

बेटाच्या मागच्या बाजूला एक उथळ धार होती. तिथं पाणी कमरेपर्यंत आलं की बैल उतरत नाहीत. कवडूनं डोंगा लोटला. बेटावरची माणसं आधी भांडीकुंडी गोळा करायला लागली. कवडूचा आवाज इकडे ऐकू येत होता, "भांडे राहू द्या! ढोरं काढा आधी!" गुरं धारेत घातली. एक म्हैस मध्येच उभी राहिली, तिला दोघांनी शेपटीकडून ढकलली. म्हातारी माणसं आणि लेकरं डोंग्यातून दोन खेपांत आली. दुसरी खेप काठाला लागली तेव्हा धारेचं पाणी छातीला आलं होतं.

पार्बताबाईनं रजिस्टरात छापा उठवला, टाइमपीसकडे पाहिलं आणि काटे काढले. बारा पंचवीस. लाल रेघ दिसेनाशी झाली होती. माझ्या घड्याळात पावणेदोन.

झोपड्या गेल्या. माणूस किंवा जनावर एकही गेलं नाही.

नंतर दोन्ही रजिस्टरं मांडली. कोसंबीला बारा पन्नास, मुरमाडीला बारा पंचवीस. कागदावर पाणी पुन्हा खाली आधी पोचलं होतं. पण आता शेजारी फरक लिहिलेला होता. वरचं सत्तर मिनिटं पुढं, खालचं ऐंशी मिनिटं मागं. अकरा चाळीस आणि एक पंचेचाळीस. दोन तास पाच मिनिटं. साहेबांनी आकडेमोड दोनदा केली, स्वतःच्या हातानं. सायकल राहिली. मुरमाडीच्या नेमणुकीच्या कागदावर त्यांनी कवडूच्या नावापुढं 'व पार्बताबाई' असं लिहिलं आणि खाली सही केली. पुढच्या वर्षी नदीवर आणखी पाच गेज बसवली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी ते अर्ध्या पानाचं पत्रक आणि एक लाकडी छापा गेला.

दोन वर्षांनी एक नवे अधिकारी तपासणीला मुरमाडीला गेले. टाइमपीस सव्वा तास मागं दिसलं. त्यांनी कवडूला झापलं आणि स्वतःच्या हातानं काटे बरोबर लावले. पार्बताबाई त्यांना म्हणाली म्हणे, "साहेब, ते चुकलेलंच बरोबर होतं." त्या अधिकाऱ्यांना ते उर्मट वाटलं. त्यांनी तसा शेरा लिहिला. मात्र काटे फिरवल्याचं कुठं लिहिलं नाही. त्यामुळे त्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी आम्हांला टाकून द्याव्या लागल्या.

मी पत्रकात शेवटी एक ओळ वाढवली: 'तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनीही घड्याळाचे काटे फिरवू नयेत.' ती ओळ मंजूर व्हायला आठ महिने लागले. बाकीचं सगळं पत्रक एका दिवसात मंजूर झालं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही नव्या कामाची सूचना लिहिताना खालच्या माणसानं काय करावं हे थोडक्यात लिहितो, आणि वरच्या माणसानं काय करू नये याला जास्त वेळ देतो.